वामनराव काका आणि तळाची ओळ

आज मी जो काही आहे तो सगळ्यात जास्त वामनराव बोंडे काकांमुळे, आणि हे वामनराव काका प्रिंटरला वाचून दाखवतात.

थट्टा नाही. जबलपुरात एम.एस्सी. करताना दोन वर्षं मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. काका कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते नकाशे काढत. काकू वारलेल्या, मुलगा बंगळुरूला. इतरांच्या बैठकीत जिथे टीव्ही असतो तिथे काकांचा प्रिंटर होता. बाजारातला सगळ्यात स्वस्त, वर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. काहीही छापण्याआधी काका फाइल उघडत आणि तिच्यातल्या आज्ञा त्याला मोठ्यानं ऐकवत: "डावीकडून बहात्तर, खालून सातशे. तिथं हे अक्षर ठेवायचं. समजलं?"

मी मझौली गावचा, घरी मराठी पण हिंदी शाळेत शिकलेला, घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. मला वाटलं, शहरात असंच करतात.

भानगड पुढे कळली. काही फाइलींत पानाचं चित्र नसतं, वर्णन असतं: रेघ इथून तिथे, अक्षर अमुक जागी. महागडी यंत्रं ते वर्णन वाचू शकतात. घरगुती प्रिंटरला फक्त ठिपके कळतात. काकांकडे फुकट मिळालेलं एक सॉफ्टवेअर होतं, ते वर्णनाचे ठिपके करून देई. काका त्याला 'दुभाषी' म्हणत. प्रिंटर अडला की लोक त्याला चापट मारतात. काका त्याची बाजू घेत. "मूर्ख नाही तो. त्याच्या भाषेत त्याच्याशी कोणी बोलून नाही राहिलं."

पहिल्या सहामाहीत वर्गातलं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जाई. काका रोज जेवणानंतर पुस्तकाचं एक पान घेऊन बसत आणि मराठीत समजावत. शेवटी विचारत, "समजलं?" अगदी प्रिंटरला विचारत त्याच सुरात.

गल्लीतले लोक अर्ज, कुंडल्या, वरांचे बायोडाटा घेऊन येत. एक पान निघायला सात मिनिटं लागत. तेवढ्यात काका चहा टाकत आणि पाहुण्याच्या मेव्हण्यापर्यंत चौकशी करत. मुलगा फोनवर म्हणे, बाबा, चांगला वेगवान प्रिंटर पाठवतो. काका नको म्हणत. "तो पान फेकते. माणूस बसत नाही."

मग माझा गणिताचा प्रबंध आला. सरांच्या जुन्या संगणकावर लिहिलेला, म्हणून फाइल नेमकी वर्णनाची. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जमा केला नाही तर वर्ष जाणार होतं. होळीच्या संध्याकाळी छपाईचा दुकानदार म्हणाला, "भैया, ये तो खुलता ही नहीं," आणि शटर ओढून घरी गेला.

धुळवडीला काकांनी उजाडताच दाराला आतून कडी घातली. बाहेर शेजारी "बोंडेजी, रंग तो लगवा लो" म्हणून दार वाजवत होते आणि आत काका प्रिंटरला गणित वाचून दाखवत होते. चाळीस पानं निघाली. काकांनी पट्टी लावून तपासली. प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब.

चूक माझीच. पानं कमी व्हावीत म्हणून मी मजकूर पार तळापर्यंत भरला होता, आणि त्या प्रिंटरला तळाच्या बोटभर कागदावर छापताच येत नव्हतं. मी रडायच्या बेताला आलो.

"काहून घाबरून राहिला?" काका म्हणाले. "दुभाष्याला सांगू, सगळं जरासं लहान करून वर घे. चलो."

पुन्हा छपाई सुरू झाली. दुपार सरली तशी शाई फिकी पडू लागली. काका शाईची डबी काढून हलवत, तळहातात धरून तिला ऊब देत, परत बसवत. शेवटी एकच पान उरलं, आभाराचं. खरं तर ते पहिलं, पण काकांनी मागे ठेवलं होतं. मी शिपायापर्यंत सगळ्यांचे आभार मानले होते, त्यामुळे तेही पान गच्च भरलेलं. काकांनी त्याची सकाळी निघालेली प्रत उचलून तळापर्यंत पाहिली.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "याला काही नाही झालं."

पानाच्या बाबतीत काका कधी खोटं बोलत नसत. मी पाहिलंही नाही. त्यांनी दाभणानं प्रबंध शिवून दिला, मी वेळेत जमा केला आणि पास झालो.

आता मी सिहोऱ्याला शिकवतो. परीक्षेनंतर मला परत मिळालेली प्रत परवा आईला दाखवली. आईला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, "काकांचं नाव कुठं आहे? माझं बोट ठेव त्याच्यावर." सगळ्यात जवळचं म्हणून ते नाव मी शेवटी घातलं होतं. तिचं बोट धरून खाली खाली नेलं, तर तिथे कोरा कागद.

त्याच दिवशी काकांना पत्र टाकलं.

"ती. वामनराव काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.
आभाराच्या पानाबद्दल तुम्ही खोटं बोललात, ते आज सापडलं. तुमचं नाव गेलेलं तुम्ही पाहिलं होतं, आणि उरलेली शाई माझ्या गणिताला दिलीत. इथल्या कॉलेजात वेगवान प्रिंटर आहे, पण त्याच्यावर ते पान काढायचं नाही. रविवारी सकाळच्या बसनं येतो. शाई आणतो, जुनी फाइल आणतो. तुम्ही नेहमीसारखं वाचून दाखवा. आईही सोबत आहे, तिला त्या ओळीवर बोट ठेवायचंय. सात मिनिटं लागतील. आम्ही बसू.
तुमचा,
दिनेश"