गजभिये सरांचा वगळलेला धडा

एडमंटनमध्ये लोक बर्फ उपसतात. गजभिये सर तो वाचत.

ड्राइव्हवेच्या कडेला कमरेइतका ढीग साचला की ते फावड्याच्या धारेनं त्याला उभा छेद देत, केक कापावा तसा. मग आइस्क्रीमच्या काड्यांवर चिठ्ठ्या चिकटवून थराथरांत खोचत. 'हॅलोविनचा बर्फ.' 'सिटीनं वाळू टाकली.' 'जानेवारीत दोन दिवस ऊन.' उणे अठ्ठावीसमध्ये मिशांना हिमकण लागलेला हा गृहस्थ भिंग घेऊन ढिगापुढे ओणवा झालेला दिसला की कुत्री फिरवणाऱ्या बायका रस्ता ओलांडून पलीकडे जात. एकदा खालच्या थरात आमच्या लेकीचा, सईचा, हरवलेला लाल हातमोजा सापडला. तो त्यांनी काढू दिला नाही.

"राहू द्या जी. जागेवरून हलवला की माहिती गेली."

मोजा मार्चपर्यंत तिथंच राहिला. सईला मी नवी जोडी आणली.

सर आमच्या शेजारच्या घरात एकटे राहत. मूळचे नागपूरचे. पत्नी मंगलाताई जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रेजिना शहरात सरकारी नोकरीत. सर इथल्या पब्लिक शाळेत विज्ञान शिकवत, आणि सई त्यांच्याच वर्गात होती. दर शनिवारी सकाळी मी त्यांच्या बेसमेंटमध्ये चहाला जाई. तिथं बसायला दोन खुर्च्या होत्या, बाकी सगळे दगड. त्यांचा एक शब्द ठरलेला: "पुरावा?" आज थंडी फार आहे म्हणालं की "पुरावा?" विचारून ते थर्मामीटर पाहायला जात. माझ्या बायकोनं भाजीत मीठ जास्त पडल्याची कबुली दिली तरी आधी "पुरावा?", मग घास. आमच्याकडे गणपतीला जेवायला यायचे, आरतीच्या वेळी स्वयंपाकघरात थांबायचे. मोदकांबद्दल मात्र त्यांनी कधी पुरावा मागितला नाही.

नववीतला उत्क्रांतीचा धडा म्हणजे त्यांचा सण. त्या आठवड्यात ते टाय लावत. दरवर्षी त्याच सुमाराला एका चर्चचे पाच-सहा पालक शाळेत येत आणि सभ्यपणे म्हणत, मुलांना दोन्ही बाजू शिकवा. सहा दिवसांत सृष्टी घडली तीही. सर मला सांगत, "काहून दोनच? माझ्या वर्गात सत्तावीस पोरं आहेत."

म्हणून त्या हिवाळ्यात, सोळा-सतरा सालची गोष्ट, त्यांनी धड्याआधी गृहपाठ दिला. प्रत्येकानं घरातून एक गोष्ट आणायची, जीव कसे निर्माण झाले त्याची. आणि खाली लिहायचं की ती खरी की खोटी हे कसं तपासता येईल.

सईनं मला विचारलं. माझी छाती फुगली. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात या विषयावर माझं भाषण झालेलं होतं. मी तिला दशावतार सांगितले: आधी पाण्यातला मासा, मग जमिनीवर येणारं कासव, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस. "सायन्सला आत्ता कळलं, आपल्याला कधीचं ठाऊक होतं, असं लिही." तिनं दहा सुंदर चित्रं काढली. नवव्या चौकटीत बुद्ध होता, कमळावर बसलेला.

गजभिये सर बौद्ध आहेत. बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, हे त्यांच्या घराण्यानं शपथ घेऊन मानलेलं आहे. हे मला माहीत होतं. दहा वर्षं शनिवारचा चहा पीत होतो, माहीत कसं नसेल? पण ते चित्र त्यांच्या टेबलावर जाणार आहे, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

कागद परत आला. दहापैकी चार. शेरा असा: 'गोष्ट देखणी आहे. पण नरसिंहानंतर सगळी माणसंच. बदल तिथं का थांबला? तपासणार कसं, ते लिहायचं राहिलं.' नवव्या चौकटीबद्दल एक अक्षर नव्हतं. फक्त चित्राच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'डोळे छान मिटले आहेत.'

"बाबा, इट्स फाइन," सई म्हणाली. "ही वॉज नाइस अबाउट इट."

मला मात्र ते चार गुण झोंबले. ते मला मिळाले होते ना.

त्याच आठवड्यात मंडळाचं पॉटलक जेवण होतं. तिथं मी हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. निदान सुरुवात तरी तशी केली. मंडळाचे अध्यक्ष अरविंदराव हातातली पुरी तशीच धरून थांबले.

"अवतारांना चार? आडनाव काय म्हणालात त्यांचं?"

"गजभिये."

"हं."

एवढंच. आमच्यापैकी कित्येकांची अर्धी हयात कॅनडात गेली होती, पण त्या 'हं'चा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

शाळेला पत्र लिहायचं ठरलं. अरविंदराव म्हणाले, "जोशी, तुमचं इंग्रजी चांगलं. तुम्हीच लिहा." मी लिहिलं. सरांचा शेरा त्यात शब्दशः उतरवला. पुढे एक वाक्य घातलं: हे शिक्षक वेगळ्या धर्माचे असून हिंदूंविषयी त्यांच्या मनात आकस असावा. 'आकस'साठी चांगला इंग्रजी शब्द मी शब्दकोशात शोधला, आणि सापडल्यावर मला आनंद झाला, हेही सांगून टाकतो. सही मात्र केली नाही. शेजारी आहेत, बरं दिसत नाही, म्हणालो. सगळ्यांना ते पटलं.

मुख्याध्यापिकेनं बैठक बोलावली. पालक समितीचा सभासद म्हणून मी हजर होतो. सर बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते, मांडीवर सत्तावीस गृहपाठांची फाइल. दाराच्या काचेतून त्यांचा टाय दिसत होता. आत अरविंदराव म्हणाले, "मॅडम, ही कम्स फ्रॉम अ सर्टन बॅकग्राउंड."

बाई बिचारी गोंधळली. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही त्यांचे शेजारी. तुमच्या धर्माबद्दल त्यांच्या मनात खरंच काही आहे?"

'नाही' हा शब्द मराठीत दोन अक्षरांचा आहे, इंग्रजीतही दोनच. मी म्हणालो, "इट्स कॉम्प्लिकेटेड."

बाईनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. सरांना आत बोलावलं तेव्हा ठरवायचं काही उरलं नव्हतं.

चर्चच्या लोकांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते आम्ही एका पत्रात केलं. भेदभाव हा शब्द आला की कुठलीही शाळा घाबरते. सरांकडून विज्ञान काढून त्यांना गणित दिलं. उत्क्रांतीच्या धड्याचं काय झालं, मी सईला विचारलं.

"वी स्किप्ड इट. नवीन मिस म्हणाली, रीड इट ॲट होम, इफ युअर फॅमिली इज कम्फर्टेबल."

चर्चच्या पालकांनी मंडळाला आभाराचं कार्ड पाठवलं, सोबत डबाभर कुकीज. अरविंदरावांनी त्यांत अंडं आहे का ते विचारून घेतलं आणि वाटल्या.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले, मुदतीआधीच. त्यांचा टाय मी पुन्हा पाहिला नाही. शनिवार मात्र चालूच होते. मला वाटे, बरं झालं, यांना काही ठाऊक नाही. विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाबद्दल मी हे धरून चाललो होतो.

पत्रानंतर दोन वर्षांनी एका शनिवारी मला ते पेलवेना. चहा पुढ्यात होता. मी म्हणालो, "सर, ते पत्र मी लिहिलं होतं."

"माहीत आहे जी."

"कधीपासून?"

"बैठकीच्या दिवशीच शाळेनं मला प्रत दिली होती त्याची. माझा शेरा होता त्यात, जसाच्या तसा. तो कागद तुमच्याच घरी होता की."

"आणि बैठकीत मी…"

"दार पातळ आहे शाळेचं."

मी मग विचारलं, "दोन वर्षं बोलला का नाहीत? मला हाकलून का नाही दिलंत?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "बोललो असतो तर तुम्ही यायचे बंद झाले असते. मंगला गेली तेव्हापासून घरात कुणी बोलत नाही. पोरगा फोनवर इंग्रजीत बोलतो, त्याची पोरं तर नुसतं हाय करतात. आमच्या आंबेडकर मंडळाचे लोक कॅल्गरीला, तीन तास. राग लई आला होता जी, जोशीजी. इतका, की कुणाजवळ तरी तुमची पोटभर तक्रार करावीशी वाटून राहिली होती. आपल्या भाषेत. पण त्यासाठी माझ्याकडे माणूस एकच होता." ते किंचित हसले. "तुम्हीच."

'उद्या शाळेला खरं काय ते लिहितो, माझ्या सहीनं,' असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी हात हलवला. ती मुख्याध्यापिका बदलून गेली होती. सई अकरावीत होती.

इथं त्यांनी मला माफ केलं असं लिहायला आवडलं असतं. केलं नाही. मीही माफी मागितली नाही. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, चांगलं ऐकू येणाऱ्या कानाची बाजू माझ्याकडे केली आणि म्हणाले, "सांगा आता. कोण कोण होते, काय काय म्हणाले. काही गाळू नका. मला घाई नाही."

मग आम्ही केलेली त्यांची निंदा मी त्यांनाच सांगू लागलो, मराठीत, पहिल्यापासून. आणि ते डोळे मिटून, एकेका वाक्याला "हौ, पुढे?" म्हणत ऐकत राहिले.