बाळंतिणीच्या खोलीत झेरॉक्स

चपलांच्या दुकानात शिरताना पायातल्या चपला बाहेर काढून ठेवणारं गिऱ्हाईक अख्ख्या पनवेलात एकच, आमचे बापूकाका. दुकानदार आतून ओरडतो, "काका, घालून या हो, मापाला लागतात!" काका आपले अनवाणीच आत जातात. "देवघर आहे बाबा हे," म्हणतात.

खरंच आहे. म्हणजे होतं. बाजारपेठेतलं हे काकांचं जुनं घर. सागवानी खांब, उंच माणसाच्या टाळक्याला लागतील अशा तुळया, वर कौलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, भावांनी आपापले वाटे विकले आणि खांबाखांबांच्या मध्ये शटरं लागून ओळीनं दुकानं झाली. काकांच्या वाट्याला जिन्याखालचा कोपरा आला. तिथे ते छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करतात. तक्रार नाही. "वाटणी झाली गं, घर कुठं गेलंय?" हे त्यांचं पालुपद.

त्यामुळे पत्ता सांगावा तर काकांनीच. सिमकार्ड हवंय? "सरळ माजघरात जा." फरसाण? "स्वयंपाकघरात. पण चुलीजवळ जपून!" तळोज्याच्या कंपनीतला एक पोरगा बिचारा वेफर्सच्या पाकिटांमागे चूल शोधत होता.

माझं झेरॉक्सचं दुकान नेमकं बाळंतिणीच्या खोलीत. झालं! रोज सकाळी काका आत येणार, मधल्या खांबावर हात टेकणार आणि विचारणार, "काय बाळंतीणबाई, बरं आहे ना?" अहो, माझं लग्नसुद्धा ठरायचं होतं तेव्हा! कॉलेजची पोरं खिदळायची. मी फणकारायचे, "काका, पुरे हां आता!" काका उत्तरासाठी थांबायचेच नाहीत. खांबाला थोपटून निघून जायचे.

मग मी मोठं मशीन घ्यायचं ठरवलं. खांब आडवा येत होता. फॅब्रिकेटर माप घेऊन म्हणाला, "ताई, टेन्शन नाय. खांब कापून टाकू, वर लोखंडी गर्डर देऊ. दुकान कसं मोकलं होईल."

काका नेमके दारात. मला वाटलं, आता तमाशा होणार. पण देवघरात चपला आल्या तेव्हाही हसलेला हा माणूस आज हसला नाही, येऊन स्टुलावर बसला.

"सगळं काढ गं," म्हणाले. "दार काढ, भिंत काढ. एवढा खांब राहू दे."

"का हो काका?"

"माझ्या वेळेला आई अडली होती. आत्या सांगायची, हाच खांब दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. मी आलो आणि ती गेली. फोटो नाही तिचा. मला तिनं एकदाही धरलं नाही. ह्याला धरलं होतं."

 फॅब्रिकेटरनं टेप गुंडाळली. मशीन लहानच घ्यायचं, गिऱ्हाइकं खांबाला धडकतात तर धडकू देत, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. खांबावर हात टेकला.

"काय बाळंतीणबाई, बरं आहे ना?"

सवयीनं फणकारायला मी तोंड उघडलं आणि पाहिलं, तर काका माझ्याकडे बघतच नव्हते. कधीच बघत नसत.

"बरं आहे," मी म्हटलं. "तुम्ही खाल्लंत का काही?"