गणराजच्या कॉम्प्युटरचं सर्व्हिसिंग

"रिक्षा काय नि कॉम्प्युटर काय, मशीन ते मशीन! शनिवारपर्यंत उडवून दाखवतो!" गणराजनं रेवदंड्याच्या रिक्षा स्टँडवर जाहीर केलं आणि कुणालाही शंका आली नाही. अलिबागच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ज्याला नातेवाइकासारखा ठाऊक, त्याच्यावर शंका घेणार कोण?

प्रश्न अब्रूचा होता हो! माणगावच्या सासऱ्यांनी, म्हणजे दयाराममामांनी, नवी मोटार घेतली होती. रविवारी सगळं घर त्या गाडीतून आगरदांड्याला जाणार आणि गाडीसकट फेरीबोटीत बसून दिघीला उतरणार. जेटीवरून बोटीत गाडी चढवायची म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. ते आपलंच, असं गणराजनं धरूनच ठेवलं होतं. पण मेहुणी दिपाली मध्ये आली. तिच्या लायसन्सची शाईसुद्धा वाळली नव्हती!

"मामा, हिच्या हातात दिलीत तर गाडी दिघीला पाण्यातनंच जाईल!" गणराज फोनवर म्हणाला.

"भावोजी, आपल्या शर्यतीत माझ्या मागं कोण असतं?" पलीकडून दिपाली.

ती माणगावातून, हा रेवदंड्यातून, दोघं कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम ऑनलाइन खेळत. गेममधल्या गाड्या चालवायला हत्ती, माकडं अशी कार्टूनं. आणि गणराज दर वेळी शेवटचा!

"माझा कॉम्प्युटर म्हातारा हाय! चित्र अडकत अडकत येतं. वळण दिसतं तवा मी शेतात गेलेला असतो!"

"मग शनिवारी दुपारी शर्यत होऊन जाऊ दे," मामांनी निकाल दिला. "जिंकेल तो गाडी चालवील. आणि जो खेळायला येणार न्हाय, तो हरला."

"मंजूर! पण शर्यतीच्या वेळी फोन बंद! ही मधीच फोन करून मला हसवते."

आता गणराज इरेला पेटला. कॉम्प्युटर त्यानं अलिबागच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणला होता. विंडोज त्याला झेपेना म्हणून कॅफेवाल्यानंच त्यात लिनक्स नावाची हलकी, फुकटातली सिस्टीम घालून दिली होती. गणराजनं आधी झाकण उघडलं. आतल्या पंख्यावर धुळीची गादी! ती ब्रशनं झाडली. मग मोबाइलवर जाणकारांचे सल्ले वाचून ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं हाकणारा प्रोग्राम, नवा घातला. 'जुना ड्रायव्हर काढून टाका' हे वाक्य त्याला जरा लागलं, पण त्यानं गिळलं. स्क्रीनचे नखरे बंद केले, रिझोल्यूशन उतरवलं, गेममधली झाडं, सावल्या, पाण्याची चकाकी, सगळं काढून टाकलं. उघडाबोडका रस्ता तेवढा राहिला. गेम बराच सुधारला, पण गणराजचं मन भरेना.

शेवटी त्यानं मागच्या मागे काय काय चालू असतं त्याची यादी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"प्राप्ती! बघ हे! तीन शिटांच्या रिक्षात वरात बसलीय! एकाचं भाडं न्हाय! मशीन पळंल कसं?"

बायको कोलंबी सोलता सोलता डोकावली. "अहो, कामाचे असतील ते."

"कामाचे? हा प्रिंटरवाला. आपल्याकडं प्रिंटर हाय? न्हाय! उतर खाली! हा ब्लूटूथवाला. उतर! आणि हा कोण, नेटवर्क मॅनेजर?"

"त्याला असू द्या की."

"नेट येतं भिंतीवरच्या वायफायच्या डब्यातनं. हा मधला दलाल कशाला? उतर!"

"अहो, पण..."

"तू कोलंबी सोल!"

आणि काय सांगावं! गेम तुपावरून घसरावा तसा पळू लागला. गणराजनं मिशीवरून हात फिरवला. फोन बंद केला आणि शनिवारी दुपारी शड्डू ठोकून बसला.

सुरुवातीलाच स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी उमटलं. जगातला कुठला पुरुष असलं वाचतो? गणराजनं 'ओके' दाबलं. शर्यत सुरू! समोर एक लाल गाडी.

"दिपाले, आज सुटत न्हायस!"

लाल गाडी डावीकडे, गणराज डावीकडे. लाल गाडी उजवीकडे, गणराज तिच्या बोकांडी! शेवटच्या वळणावर त्यानं तिला अशी कट मारली की खुर्चीच एका बाजूला कलंडली. पहिला नंबर! गणराज घरभर नाचला. निकालाचा फोटो काढला, फोन चालू केला आणि दिमाखात सासरच्या ग्रुपवर टाकला.

तोच दिपालीचा फोन. "भावोजी, होता कुठं? वाट बघून बघून डोळे दुखले माझे!"

"कुठं म्हणजे? तुझ्या लाल गाडीला पार मागं टाकलं मी!"

"माझी गाडी आज पिवळी हाय! आणि तुम्ही शर्यतीत आलाच न्हाय!"

प्राप्तीनं पदराला हात पुसत स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं नेटच्या खुणेवर फुली होती. "सांगत होते ना, त्याला असू द्या म्हणून. तुम्ही घरातल्या घरात कॉम्प्युटरशीच खेळलात!"

गणराजनं त्या फुलीवर बोट घासून बघितलं. इतक्यात फोनवर मामांचा आवाज आला.

"जावईबापू, फोटो बघितला. लाल गाडीत तो कॉम्प्युटरचा हत्ती बसलाय ना? त्याला हरवलंत, झ्याक केलंत! उद्या गाडी दिपाली चालवील."

गणराजनं स्क्रीनवरच्या हत्तीकडे एकदा निरखून बघितलं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "पण हत्ती लई जोरात होता हो!"