अप्पांच्या काखेतलं घराणं

सुनेच्या कंपनीने अप्पांची काख निवडली, त्या दिवसापासून अप्पा दुधाची पिशवी घ्यायलासुद्धा छाती पुढे काढून दारात जाऊ लागले.

त्याचं झालं असं. अप्पांची सून सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीत संशोधक. घामाचा वास अत्तराने झाकण्यापेक्षा तो तयारच होऊ नये, असं जिवंत जिवाणूंचं मलम तिला करायचं होतं. त्यासाठी तिने ओळखीपाळखीच्या मंडळींच्या काखा कापसाच्या काडीने पुसून नेल्या. त्यांतल्या एका काडीवरचे जिवाणू घामाच्या थेंबावर सोडले, तर सकाळी वासाचा पत्ता नाही. ती काडी अप्पांची निघाली.

वर्षानुवर्षं शाळेत कवायत शिकवूनही अप्पांच्या सदऱ्याला वास येत नसे, हे खरंच होतं. आता त्यावर शास्त्राचा शिक्का बसला.

"आमचं घराणंच तसलं," बागेतल्या बाकावर अप्पा सांगत. "नुसतं रक्तच नाही, काखसुद्धा खानदानी!"

"पुरावा?" वरच्या मजल्यावरचे वकील विचारत.

अप्पा हात वर करत. वकील चष्मा सावरून वाकत, हुंगत आणि हिरमुसले होऊन परत बसत.

सुनेचाही ऊर भरून आला होता. घरात तिचं काम आजवर 'काहीतरी क्रीमबिम' यापलीकडे गेलं नव्हतं. आता सासरे चारचौघांत जिवाणूंवर व्याख्यानं देत होते. परवा कंपनीचे संचालक येणार होते. मलम पसंत पडलं तर कारखान्यात जाणार, नाहीतर तिची सगळी मेहनत पाण्यात. अप्पांना खास निमंत्रण होतं.

पाहुण्यांसमोर आपले जिवाणू जरा बाळसेदार दिसावेत, म्हणून सुनेने ते ठेवतात त्या कपाटाची ऊब वाढवली. राखीव बशासुद्धा कौतुकाने त्यातच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघते, तर अख्खं घराणं भाजून निघालेलं. तिने घरी फोन लावला.

"अप्पा, आज अंघोळ करू नका!"

"झाली की. आता दुसरी चाललीय."

"दुसरी?"

"आठवडाभर दोन-दोन करतोय. तो जंतू मारायचा लाल साबण आणलाय, अन् घासणीने घासतोय. मोठी माणसं येणार, काख कशी लख्ख पाहिजे! तुझी मान खाली जायला नको, सूनबाई."

सूनबाई काड्यांचं पुडकं घेऊन घरी पळाली.

इकडे अप्पा उन्हात चक्कर मारून, घामाघूम होऊन लिफ्टमध्ये शिरले होते. आत वकील होते. सवयीप्रमाणे अप्पांनी हात वर केला. सवयीप्रमाणे वकील वाकले, आणि एकदम ताठ झाले. त्यांनी घाईघाईने बटण दाबलं आणि मधल्याच मजल्यावर उतरून जिना चढू लागले.

अप्पा घरात आले ते खांदे पाडून. "वकिलांनी युक्तिवादसुद्धा केला नाही गं," ते म्हणाले. "मी घराणं बुडवलं."

"नाही हो, अप्पा. अर्धं तर मीच भाजलं," सून म्हणाली, आणि दोघांनाही रडू आवरेना.

मग शोधाशोध सुरू झाली. अप्पांचे बनियन बघावेत, तर समारंभासाठी म्हणून सासूबाईंनी ते उकळून ठेवलेले. उशीचा अभ्रा धुतलेला. आरामखुर्ची पुसलेली. घरातला प्रत्येक माणूस उद्याच्या तयारीत असा काही झटला होता, की जिवाणूंना पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

आई इस्त्री करत होत्या. सासूबाईंना घरात सगळेच आई म्हणत. त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"माझी पूस की."

"तुमची?" सून म्हणाली. "आई, अहो, ते अप्पांच्या घराण्याचं..."

"कसलं घराणं! लग्न ठरलं तेव्हा ह्यांच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलगा गुणी आहे, फक्त खिडकी उघडी ठेवत जा."

"काहीतरीच!" अप्पा म्हणाले.

"पुढे वास गेला. मला वाटलं, माझंच नाक सरावलं."

सुनेने आईंच्या काखेची काडी नेली. सोबत अप्पांच्या घामाची बाटलीही नेली. आता तो पुरेसा वासाचा होता. काडी तिने बशीवर फिरवली आणि बाटलीत बुडवून ठेवली. सकाळी बशीवर तेच पिवळसर ठिपके उगवले होते, आणि बाटलीतला वास पार गेला होता. तिने बाटली पुनःपुन्हा हुंगली आणि तिथेच उड्या मारल्या.

संचालक आले. त्यांनी मलम लावून बघितलं, आकडे बघितले, एकमेकांकडे बघून माना हलवल्या.

"छान! आणि हे मूळचे कोणाचे म्हणालात?"

खिडकीपाशी बसवलेले अप्पा घसा खाकरून उठले. आईंनी पदर सावरला.

"हिचे," अप्पा म्हणाले. "माझ्याकडे नुसते भाड्याने राहत होते. अन् मलम आमच्या सूनबाईंचं. मी दोघींच्या घरातला माणूस." छाती पूर्वीपेक्षा चार बोटं पुढेच होती.

संध्याकाळी बाकावर वकिलांना ही सगळी हकिकत दोनदा ऐकावी लागली, तीही लांब बसून. मग अप्पा घरी आले. आई सोफ्यावर बसल्या होत्या. अप्पा त्यांच्या शेजारी टेकले, जरा सरकले, आणखी जरा सरकले.

"काय हे? सून बघतेय!"

"बघू दे. तिच्याच खात्याचं काम आहे."

आई काही सरकल्या नाहीत. "आधी अंघोळ करून या," त्या म्हणाल्या. "साध्या पाण्याने. मग बसा हवं तेवढं."