आधी तुम्ही, बाबा

विमानतळावरून एका माणसाला रेल्वे स्थानकावर सुखरूप पोहोचवणे, यात चुकण्यासारखे आहेच काय, असे मी सकाळी पत्नीला ठणकावून विचारले होते. तिने सूचना पुन्हा सांगितली.

"आईची गाडी पाचला येते, वीस मिनिटं थांबते. बाबांना तिच्या शेजारच्या सीटवर बसव. ताईचे नऊ महिने भरलेत. दोघंही उद्या सकाळी तिच्यापाशी हवेत."

सासरे निवृत्त भूमापक. विमानतळाबाहेर पडताच ते ताठ मानेने चालू लागले. जन्मभर जमिनी मोजलेल्या माणसाला वाट दाखवणे मला प्रशस्त वाटेना. मी अर्धे पाऊल मागे राहिलो. समोर एक बस उभी होती. दाराशी मी अदबीने बाजूला झालो.

"आधी तुम्ही, बाबा."

ते चढले. मी चढलो.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जावईबापू, हे कारंजं मघाशीही लागलं होतं का?"

"लागलं असावं, बाबा."

"शहरात बरीच कारंजी दिसतात."

"हो, बरीच आहेत."

चौथ्या कारंज्यापाशी चालकाने मागे वळून विचारले, "काका, तुम्हाला उतरायचंय तरी कुठे?"

"रेल्वे स्टेशनला."

"ही बस विमानतळाच्या दोन इमारतींमध्येच फिरते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"तुम्ही चढलात, म्हणून मी चढलो," मी म्हणालो.

"तुम्ही बाजूला झालात, म्हणून मी चढलो. गाव तुमचं आहे ना?"

टॅक्सीतून मी सासूबाईंना सात वेळा फोन लावला. त्यांचा फोन पर्समध्ये, पर्स पिशवीत आणि पिशवी सीटखाली असते. तो वाजल्याचे फक्त पिशवीला कळते.

फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडी हलली होती. सासरे डब्याच्या दाराशी थबकले आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागले. आठ वर्षांच्या जावईपणात मी प्रथमच मर्यादा सोडली. त्यांना दंडाला धरून आत ढकलले आणि पाठोपाठ उडी मारली. छातीत धाप मावत नव्हती, पण अभिमान मावत होता. वेळेवर निर्णय घेतला होता!

सासूबाईंच्या सीटवर कोणीही नव्हते. सीटखालीही काही नव्हते.

"त्या बाई ना?" समोरचे गृहस्थ म्हणाले. "यजमान आले नाहीत म्हणून आत्ताच उतरल्या. सामान मीच उतरवून दिलं."

खिडकीतून दिसले. चार पिशव्यांच्या मध्ये उभ्या राहून सासूबाई टाचा उंचावून स्थानकाच्या प्रवेशद्वाराकडे पाहत होत्या. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिले, पण आम्हांला ओळखून त्यांचा हात वर होईपर्यंत फलाट संपला.

सासरे सावकाश सीटवर बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "पुढचं स्टेशन किती वेळाने येतं?"

"दीड तासाने, बाबा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. पत्नीचा होता. मी तो दोन्ही हातांनी सासऱ्यांपुढे धरला. वडीलधाऱ्यांचा मान राखायलाच हवा.