साडेतीन एकरांचा अंगठा

जमीन मोठी असते आणि मोबाइल लहान असतो. या दोघांत समेट घडवण्याचं काम आमच्या खात्याने वर्षभरात पार पाडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

शेताचा नकाशा शेतकऱ्याने मोबाइलवर बोटाने स्वतःच काढायचा, अशी योजना. ॲप बनवलं अमरावतीच्या राजापेठेतल्या रश्मी नावाच्या हुशार मुलीने. तिच्या पहिल्या आराखड्यात पडदाभर कोरी जागा होती. समितीला ते बरं दिसलं नाही. मग तिथे बोधचिन्ह, तीन साहेबांचे फोटो आणि दिवाळीच्या शुभेच्छा (बारमाही) बसवल्या. नकाशासाठी पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उरली. चूक पुसायचं बटण होतं, पण एका साहेबांचा फेटा मावेना, म्हणून ते काढलं.

"सर, बोट ठेवलं की खालचं शेतच दिसत नाही," रश्मी म्हणाली. समितीने नोंद घेतली. (नोंद घेणे हीच कार्यवाही.)

चाचणी दर्यापूरजवळच्या एका गावात झाली. चंद्रभान या शेतकऱ्याला सांगितलं, बोटाने धुरा, म्हणजे शेताची हद्द, काढा. सरकारी कामात बोट म्हणजे अंगठा, हे त्याला पन्नास वर्षांपासून पाठ. त्याने अंगठा धोतराला पुसला आणि दाबून लावला. ॲपने अंगठ्याचं क्षेत्रफळ साडेतीन एकर ठरवलं. त्यात शेजारच्या मनकर्णाबाईंची विहीर गेली. आजूबाजूचं सगळं पाणी खारट, गोड पाण्याची तेवढी ही एकच विहीर.

"माही इहीर त्याच्या आंगठ्याखाली कावून गेली? मी आता पानी कुठून आनू?" बाई कडाडल्या.

"मी तं फक्त आंगठा लावला, साहेब," चंद्रभान म्हणाला. तो खरंच बोलत होता.

नियमानुसार तक्रारदाराने नकाशा पुन्हा काढायचा. मनकर्णाबाईंचा हात रांगोळीचा. त्यांनी सवयीने पडद्यावर चिमूट धरली. चिमटीने नकाशा लहान होतो. तो इतका लहान झाला, की बाईंच्या एका गोलात दर्यापूरचं बसस्टँड, अचलपूर आणि चंद्रभानचं घर आलं. ॲपने सगळं त्यांच्या नावे केलं. विहीर सोडून, कारण तिच्यावर अंगठा आधी लागला होता.

तरीही आम्ही अन्याय होऊ दिला नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर सात दिवस या नव्या नकाशाची सूचना पाठवली. खाली दोन बटणं: 'मान्य' आणि, तिळाएवढं, 'हरकत'. आलेल्या हरकती: शून्य.

तुमच्याही मोबाइलवर ती आली होती. तुम्ही कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत होता, ती मधेच आडवी आली, म्हणून न वाचता 'मान्य' दाबलंत. काल विहिरीला कुलूप लागलं. हे मान्य केलं कुणी, असं विचारत मनकर्णाबाई रिकामी घागर घेऊन कार्यालयात आल्या. मी त्यांना तुमचा पत्ता दिला आहे.