आतलं सांग

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय ते माझे घरमालक. चुकलं तर सांभाळून घ्या.

नेसरीहून कोल्हापूरला आलो तेव्हा राजारामपुरीत आप्पांकडे खोली घेतली. पुढं त्यांचं भांड्यांचं दुकान, मागं घर. दारात येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा विचारायचे, "कशाला आलास?" काम सांगितलं तर तेवढं करून वाटेला लावायचे. "सहज आलो" म्हटलं तर चहा मिळायचा. गल्लीनं हे ओळखलं होतं. एकदा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन म्हणाला, "सहज आलतो, आप्पा." आप्पांनी त्याला चहा पाजला आणि सिलिंडर परत न्यायला लावला. "सहज आलायस न्हवं? मग ह्ये कशाला?"

आतून आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "आता सैपाकबी सहज झाला तर जेवा."

मला आप्पांनी विचारलं, "बीएस्सी कशापायी करतोयस?"

"नोकरीसाठी."

"ते भाईरचं झालं. आतलं सांग."

आत काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. शोधू लागलो तर वडिलांची इच्छा, गावातलं नाव, सगळं बाहेरचंच निघालं. मग एका प्रॅक्टिकलला देठाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसलो. शिपाई दार लावायला आला तरी उठावंसं वाटेना. ते भीतभीत आप्पांना सांगितलं.

"परीक्षेला न्हाय आलं तरी बघशील?"

"बहुतेक बघीन."

"मग मार्कं पडल्यावर बापाकडं बक्षीस मागू नकोस," एवढंच बोलून ते दुकानात गेले.

त्याचा अर्थ आक्कांनी सांगितला. त्यांचा मुलगा शिवानंद पुण्यात नोकरीला. "सातवीला घड्याळ, धाव्वीला सायकल, बारावीला लुना. ह्यांनी दरवेळी कायतरी कबूल करायचं. पोरगं शिकलं, पर मागायलाबी शिकलं."

शिवानंदचा फोन यायचा तो काही हवं असलं तरच. आप्पाही फोन उचलून आधी विचारायचे, "काय पायजे?" ठेवल्यावर म्हणायचे, "वळण मीच लावलंय." पोरानं एकदा नुसतं बोलायला फोन करावा, एवढंच त्यांना हवं होतं, असं आक्का म्हणाल्या.

माझ्या शेवटच्या वर्षी एका दुपारी आप्पा बाहेर गेले असताना फोन आला. आप्पा परतले तेव्हा मी ओसरीवरच होतो.

"शिवाचा फोन आलता," आक्का म्हणाल्या.

"काय पायजे म्हणं?"

"काय न्हाय. मागल्या फोनला तुमचा खोकला ऐकू आलता. कमी झाला काय इचारत हुता."

"आणि?"

"आणि ठेवला की."

"सांगायचं इसरला असंल. परत करंल."

आप्पा फोनजवळ खुर्ची ओढून बसले. दुकान उघडायची वेळ टळून गेली. फोन पुन्हा वाजला नाही. दिवेलागणीला त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हळूच विचारलं, "खोकला म्हणाला, का नुसतं तब्येत म्हणाला?"

"खोकलाच म्हणाला."